मांजरांना शिकार येत नाही
(लेखमाला ‘भय आणि हसू’ : लेखांक ६)

लग्नाच्या रात्री, बाराच्या ठोक्याला, नव्या सुनेला खाली बोलावून घेतात. सगळं सासर टेबलाभोवती जमलेलं असतं. सासरे तिच्यापुढे एक जुनी पेटी सरकवतात. तीत कोरा पत्ता घालायचा. तो बाहेर येईल तेव्हा त्यावर एखाद्या खेळाचं नाव उमटलेलं असेल. घरच्यांबरोबर तो खेळ खेळला की सून घरात आली. थोरल्या जावेला बुद्धिबळ आलं होतं, नणंदेच्या नवऱ्याला पत्त्यांचा एक साधा डाव. ग्रेसच्या पत्त्यावर लपाछपी येते. तिला हसू फुटतं. लग्नाचा पांढरा झगा सावरत ती लपायला धावते आणि ग्रामोफोनवर रेकॉर्ड फिरू लागते. इकडे घरची माणसं हत्यारं वाटून घेतात.

‘रेडी ऑर नॉट’ हा २०१९चा अमेरिकी चित्रपट. मॅट बेटिनेली-ओल्पिन आणि टायलर गिलेट या जोडीने तो दिग्दर्शित केला, समारा वीव्हिंगने ग्रेसचं काम केलं. सुमारे ६० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ५ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर मिळवले. ‘श्रीमंतांचा खेळ, गरिबाचा जीव’ या जुन्या प्रकाराला इतकं नेमकं वळण अलीकडे दुसऱ्या कोणी दिल्याचं मला आठवत नाही. ते वळण दिसावं म्हणून आधी थोडं मागे जातो.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे रिचर्ड कॉनेलची १९२४ची कथा, ‘द मोस्ट डेंजरस गेम’. तिच्यावरचा पहिला चित्रपट १९३२ साली आला. ‘किंग काँग’साठी उभारलेल्या जंगलातच त्याचं चित्रण झालं आणि फे रे ही नटीही दोन्हींत आहे. त्यातला काउंट झारॉफ हा क्रांतीनंतर परागंदा झालेला रशियन सरदार. तो एका बेटावर राहतो, समुद्रातले दिवे हलवून जहाजं खडकावर आदळवतो आणि वाचून आलेल्या माणसांना जंगलात सोडून त्यांची शिकार करतो. पहाटेपर्यंत तग धरला तर सुटका. झारॉफ क्रूर आहे, पण त्याला शिकार येते. धनुष्य येतं, माग काढता येतो, कुत्र्यांना कधी सोडायचं ते कळतं. प्रेक्षकाला भीती वाटते ती त्या हाताच्या कसबाची. पुढची कित्येक दशकं या प्रकारातले चित्रपट हाच नमुना गिरवत राहिले. शिकारी श्रीमंत असायचा आणि तरबेजही.

‘रेडी ऑर नॉट’मधल्या ल डोमास घराण्याला यातलं काहीच येत नाही. पणजोबा व्हिक्टर खलाशी होता. बोटीवर त्याला मिस्टर ल बेल नावाचा गृहस्थ भेटला, पैज लागली, करार झाला आणि घराण्याकडे पैसा आला. पत्ते, मग पटावरचे खेळ, पुढे खेळांचे संघ असा व्यवसाय वाढत गेला. आजच्या पिढीच्या वाट्याला नुसतं खाणंपिणं उरलंय. म्हणून नणंदेचा नवरा फिच हातात क्रॉसबो घेऊन न्हाणीघरात बसतो आणि ती चालवायची कशी याचा व्हिडिओ फोनवर बघतो. नणंद एमिली नशेत आहे. काहीतरी हललं की गोळी झाडते आणि नवरीच्या जागी क्लारा नावाची मोलकरीण मरते. घरातली माणसं जमतात. पायाशी माणूस तडफडतोय आणि यांची हळहळ एवढीच की नेम चुकला. थोड्या वेळाने दुसरी मोलकरीणही एमिलीच्याच हातून जाते.

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. या घरातल्या मांजरांना शिकारच येत नाही. तरी जीव जातातच, कारण ज्यांच्या हातून चूक होते त्यांना तिची किंमत कधी मोजावी लागत नाही. ती खालच्या मजल्यावरची माणसं मोजतात. या चित्रपटातलं हसू आणि भय एकाच ठिकाणाहून येतं, ते इथून. झारॉफच्या जंगलात सावध राहून वाचता येतं. ज्याचा नेम कुठे लागेल हे त्याचं त्यालाच माहीत नाही, त्याच्यापासून कसं वाचायचं?

तिसरी मोलकरीण मरते ती मात्र ग्रेसमुळे. स्वयंपाकघरातून ताटं वर न्यायच्या छोट्या लिफ्टमध्ये ग्रेस लपली आहे. मोलकरीण तिला पाहून ओरडते, आत वाकते. ग्रेस घाबरून कळ दाबते आणि ती बाई चिरडली जाते. हा प्रसंग लेखकांना सहज टाळता आला असता. त्यांनी तो ठेवला आणि नायिकेचे हात कोरडे राहू दिले नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. या घरात सून म्हणून पाऊल टाकलं की नोकरांचा जीव स्वस्त करणाऱ्या यंत्रात आपलाही हात अडकतो.

दोन सूर मात्र दिग्दर्शकांनी कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. ल डोमासांच्या वेदनेवर आपण हसतो, ग्रेसच्या वेदनेवर एकदाही नाही. तिच्या तळहातातून गोळी जाते. नंतर ती एका खड्ड्यात पडते. तिथे बळी दिलेल्या बोकडांच्या आणि आधीच्या माणसांच्या सांगाड्यांचा खच आहे. वर चढताना शिडीची पायरी तुटते आणि पुढे आलेला खिळा त्याच जखमेत शिरतो. कॅमेरा तिथे थांबतो, विनोद करत नाही. ‘ब्लॅक कॉमेडी’च्या नावाखाली निघणारे बरेच चित्रपट इथेच घसरतात. त्यांना सगळंच सारखं गमतीचं वाटतं, आणि मग प्रेक्षकालाही कशाचंच काही वाटेनासं होतं.

आता नियमांकडे येऊ, कारण या साऱ्या प्रकाराचा जीव नियमांत आहे. सूर्य उगवायच्या आत नवरीला मारलं नाही तर आपण सगळे मरू, अशी या घराची समजूत आहे. पणजोबांच्या काळात नव्हते म्हणून घरातले कॅमेरे बंद ठेवायचे, हत्यारंही त्याच काळातली घ्यायची. कुलाचार म्हणजे कुलाचार. पण नवरी हाती लागत नाही म्हटल्यावर सासरे कॅमेरे चालू करायला लावतात. हा शुद्ध रडीचा डाव आहे, आणि तोही काही सेकंदांत, चर्चा न करता गळी उतरवला जातो. ग्रेसला मात्र नियम समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. आपण कसला खेळ खेळतोय हे तिला कळतं ते क्लारा मेल्यावर.

खेळाचं नाव दिलं की क्रौर्याला परवाना मिळतो, हे मराठी प्रेक्षकाला नवं नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) वेळ घालवायला म्हणून लुटुपुटीचा खटला सुरू होतो आणि बेणारेबाई खरोखरीच्या आरोपी होऊन बसतात. तिथली माणसं मध्यमवर्गीय, हौशी नटमंडळी. त्यांच्या हाती बंदूक नाही. पण ‘खेळच तर आहे’ या आडोशाला उभं राहून माणसाला ओरबाडण्याची रीत तीच. अभिनेत्री सुलभा देशपांडे यांनी ती बेणारे अजरामर केली. ते नाटक पाहिलेल्या माणसाला ल डोमासांच्या टेबलाभोवतीची ती शांतता लगेच ओळखू येईल.

आणखी एक दुवा विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’चा (२०१७). खेळ नावातच आहे. उसाच्या शेतातलं एकाकी घर, गर्भवती नेहा झालेली पूजा सावंत आणि घर चालवणारी वयस्क बाई. तिथे पैशाचा माज नाही, मुलगाच हवा हा हट्ट आहे. तरी दोन्ही घरांत रीत पुढे चालवते ती एके काळी स्वतःच भरडली गेलेली थोरली बाई. ‘रेडी ऑर नॉट’मधली आत्या हेलेन तीस वर्षांपूर्वी नवरी होती. तिच्या नवऱ्याला याच खेळात मारलं गेलं. आज कुऱ्हाड घेऊन सगळ्यांत पुढे तीच असते. तिने तो मृत्यू व्यर्थ ठरू द्यायचा, तर आयुष्यभराचं दुःखही खोटं ठरेल. निकी ग्वादानी या नटीने ती दोन ओठ आणि एका नजरेत उभी केली आहे.

पुढच्या परिच्छेदात शेवट उघड होतो. चित्रपट पाहायचा असेल त्याने तो आधी पाहावा.

मला सगळ्यांत जास्त छळतो तो नवरदेव ॲलेक्स. तो घराचा सुधारलेला मुलगा. घर सोडून गेलेला, बायकोवर खरं प्रेम करणारा, रात्रभर तिला सोडवायला धडपडणारा. पण लग्नाआधी त्याने तिला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ती निघून जाईल ही भीती. ग्रेस परक्यांच्या घरांतून वाढलेली, तिला घर हवं होतं, आणि हे त्याला ठाऊक होतं. पहाटे ग्रेस जीव वाचवताना सासूला मारते. आता ही आपल्यासोबत राहणार नाही, हे ॲलेक्सला तिच्या डोळ्यांत दिसतं आणि त्या क्षणी तो तिला धरून घरच्यांना हाक मारतो. दारूत बुडालेला भाऊ डॅनिएल, जो स्वतःला भित्रा समजतो, तो तिला वाचवताना बायकोच्या गोळीने मरतो. सूर्य उगवतो. क्षणभर काहीच होत नाही. मग एकेक जण रक्ताच्या चिळकांडीसारखा फुटतो, एमिलीची दोन लहान मुलंसुद्धा. मुलांना वगळायला हवं होतं असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. त्यातल्याच थोरल्याने गोठ्यात ग्रेसच्या हातावर गोळी झाडली होती. मोठी माणसं आज काय करताहेत ते त्याने पाहिलं आणि तेच केलं. करार वारसाने मिळतो, तसंच कर्जही.

याच काळातल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘द हंट’ २०१९च्या सप्टेंबरात यायचा होता. ऑगस्टमध्ये एल पासो आणि डेटनला गोळीबार झाले, राजकीय गदारोळ उठला आणि तो मार्च २०२०पर्यंत लांबला. त्यातले शिकारी मतांनी ओळखले जातात, घरादाराने नाही, म्हणून त्यातले विनोद लवकर शिळे झाले. कोरियाच्या ‘स्क्विड गेम’मध्ये (२०२१) ४५६ कर्जबाजारी माणसांची फरफट काळीज कापत जाते, पण सोनेरी मुखवट्यांतले ते पैजा लावणारे धनिक मला कच्चे वाटतात. त्यांना आई नाही, आत्या नाही, न्हाणीघरात व्हिडिओ बघणारा जावई नाही. मुखवट्यामागचा माणूस दिसत नसेल तर त्याची भीती तरी किती वाटणार?

‘रेडी ऑर नॉट’ची हवेली खरी आहे. टोरंटोचा कासा लोमा आणि ओशावाचं पार्कवुड अशा दोन वास्तूंतून ती जोडली आहे. ९८ खोल्यांचा कासा लोमा विजेच्या धंद्यात पैसा केलेल्या सर हेन्री पेलाट यांनी १९११ ते १९१४ या काळात बांधला आणि दहाएक वर्षांत कर्जापायी त्यांना तो सोडावा लागला. पार्कवुड कॅनडातल्या जनरल मोटर्सच्या सॅम मॅकलॉफ्लिन यांचं. दोन्ही ठिकाणी आज तिकीट काढून कोणालाही आत जाता येतं.

पुढच्या लेखांकात ‘द मेन्यू’ (२०२२). त्यात शिकारी श्रीमंत नाहीत, श्रीमंतांचा स्वयंपाकी आहे.