तपकिरी कागदातले दहा हजार व्होल्ट

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. तरीही घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीतलं तांबं ७० अंशांच्या वर तापत राहू द्यायचं नसतं. रस्त्याखालच्या एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचं आवरण असलेल्या) केबलला ही मर्यादा ९० अंशांची. तांब्याला याहून कितीतरी जास्त सोसतं, सोसत नाही ते त्याच्याभोवतीच्या आवरणाला. म्हणून केबल किती वीज वाहील आणि किती वर्षं टिकेल, हे इन्सुलेशन ठरवतं. याचा सर्वांत सुंदर दाखला मला लंडनच्या डेप्टफर्ड केबलमध्ये सापडतो.

ती घडवणारा इंजिनियर सबॅस्टियन झियानी द फेरांटी त्या वेळी जेमतेम पंचविशीचा होता. कोळसा बोटीने येईल आणि जागा स्वस्त मिळेल म्हणून त्याने वीजकेंद्र शहराबाहेर, थेम्सकाठच्या डेप्टफर्डला उभारलं. तिथून मध्य लंडनपर्यंत वीज न्यायला त्याने १०,००० व्होल्टचा दाब ठरवला. बाजारातली केबल त्या दाबाला पुरी पडेना, तेव्हा त्याने स्वतःच केबल घडवली. आत तांब्याची नळी, तिच्यावर खनिज मेणात भिजवलेल्या साध्या तपकिरी कागदाचे घट्ट वेढे, त्यावर तांब्याची दुसरी नळी, पुन्हा कागद आणि सगळ्यांत बाहेर लोखंडी नळी.

कागदच का? एका थरात बारीक छिद्र राहिलंच, तर पुढचा थर ते झाकतो. मेण मधली हवा हुसकून लावतं. आणि हवा हीच इन्सुलेशनची वैरीण. आत एखादी पोकळी राहिली की विजेचा ताण तिथे वाढतो, बारीक ठिणग्या पडत राहतात आणि वर्षानुवर्षं आवरण कुरतडलं जातं. आजही एक्सएलपीई केबलमध्ये इन्सुलेशनच्या आतबाहेर अर्धवाहक थर चढवतात, ते तिथे पोकळी वा खडबडीतपणा राहू नये म्हणूनच.

ही केबल ताठ होती, ड्रमवर गुंडाळता येत नव्हती. तिचे तुकडे २० फुटांचे. एका टोकाला निमुळती सुई, दुसऱ्याला तशीच खोबण. एकात एक दाबून बसवायची. चार केबलींची मिळून लांबी सुमारे २८ मैल, म्हणजे सात हजारांवर जोड! आज केबलमध्ये बिघाड झाला की केबल जोडणाऱ्या जॉइंटरचा पहिला संशय जोडावरच जातो. म्हणून त्या सात हजार जोडांपुढे मी हात जोडतो.

इतक्या दाबाची सरकारी अधिकाऱ्यांना धास्ती होती. फेरांटीने वीज चालू असताना केबलमध्ये छिन्नी ठोकवून दाखवली. बाहेरची तांब्याची नळी जमिनीशी जोडलेली असल्याने छिन्नी धरणाऱ्या सहायकाला काहीही झालं नाही.

१८९१ मध्ये या केबलींतून लंडनला वीज मिळू लागली. त्यातला काही भाग १९३३ पर्यंत कामात होता.