मातीत मिसळणारे प्लास्टिक

पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर टाकाव्यात आणि पुढे त्यांचे खत होऊन ते शेतात जावे, हा क्रम महाराष्ट्राला जितका परिचित तितकाच झाशीलाही. नेवाळकरांच्या कारकिर्दीमुळे मराठी माणसाला आपलीशी वाटणारी ही नगरी बुंदेलखंडात वसली आहे. तेथल्या रानात पळस विपुल. तिकडे त्याला ढाक म्हणतात आणि त्याच्या पानांच्या पत्तली व दोने करतात. वस्तूचे काम संपले की ती मातीला मिळते, ही गोष्ट तेथेही इतकी गृहीत होती की तिचा वेगळा विचार करण्याचे कोणाला कारण पडले नाही.

ते कारण पॉलिथिनने दिले. 1933 साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत हा पदार्थ जवळजवळ योगायोगानेच हाती लागला. तो कुजत नाही, भिजत नाही, त्याला कीड लागत नाही. म्हणूनच तो जगाला प्रिय झाला. आज नेमका हाच गुण दोष ठरला आहे.

बुंदेलखंडात रब्बीचे पीक निघाले की जनावरे मोकळी सोडण्याची जुनी चाल आहे. तिला 'अन्ना प्रथा' म्हणतात. चाऱ्याच्या शोधात ही गुरे वस्तीकडे वळतात आणि उरलेल्या अन्नाच्या वासाने पिशवीसकट ते अन्न गिळतात. पिशवी पचत नाही आणि सहसा बाहेरही पडत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात अशा पिशव्यांचा गोळा साचत जातो, आणि पोट भरलेले दिसत असताना गाय मात्र खंगत जाते.

शेतातली गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मराठी श्रोता ज्या फळाला महाबळेश्वरचे म्हणून ओळखतो, त्या स्ट्रॉबेरीचा महोत्सव 2021 च्या जानेवारीत झाशीत भरला होता. या पिकाच्या गादीवाफ्यांवर सहसा प्लास्टिकचा पातळ कागद अंथरतात. त्याने ओल टिकते, तण माजत नाही आणि फळ मातीला टेकत नाही. पाण्याची चणचण असलेल्या प्रदेशात हा लाभ थोडा नव्हे. परंतु हंगाम संपेपर्यंत कागद उन्हाने जीर्ण होतो. गोळा करताना तो फाटतो, त्याचे तुकडे नांगराखाली जातात आणि वर्षानुवर्षे साठून पाण्याच्या व मुळांच्या वाटेत येतात.

यावर उपाय म्हणून जे प्लास्टिक पुढे आले आहे, त्याचे मर्म रेणूंच्या रचनेत आहे. पॉलिथिनचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. ती तोडण्याचे साधन मातीतल्या जिवाणूंजवळ जवळजवळ नाही. याउलट, काही साखळ्यांत ठराविक अंतरावर असे सांधे असतात की पाणी आणि जिवाणूंचे पाचक रस ते उकलू शकतात. दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून अशी एक साखळी बनते. हे आम्ल मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर आंबवून मिळवितात. दुसरा एक पदार्थ तर काही जिवाणू स्वतःच्या शरीरात चरबीसारखा साठवून ठेवतात. तो 1926 साली पॅरिसमध्ये लमोइन्य या शास्त्रज्ञाने शोधला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वनस्पतीपासून बनलेले ते सारे कुजणारे, असे नव्हे. उसापासून केलेले पॉलिथिनही पॉलिथिनच असते; उलट खनिज तेलापासून केलेली काही प्लास्टिके मातीत कुजतात. पदार्थाचे कूळ निराळे आणि त्याची अखेर निराळी. तसेच, उन्हाने ज्याचा भुगा होतो ते प्लास्टिक कुजले असे म्हणता येत नाही. जिवाणूंनी त्याचे अन्न करून शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरले, तरच ते खऱ्या अर्थाने कुजले.

शिवाय हे कुजणे स्थळावरही अवलंबून असते. पिशव्यांच्या प्रमाणित कसोटीत सुमारे 58 अंश सेल्सियस उष्णतेचा ओलसर खतढीग गृहीत धरलेला असतो. सहा महिन्यांत नव्वद टक्के कार्बनचे रूपांतर झाले पाहिजे, अशी तिची अट आहे. गायीच्या पोटात सुमारे 39 अंशच उष्णता असते. म्हणून पिशवीवर 'कंपोस्टेबल' असे छापले, तरी ती गायीला निर्धोक ठरत नाही. शेतात अंथरायच्या कागदासाठी युरोपने 2018 साली वेगळी कसोटी ठरविली. तीत साधारण 25 अंशांच्या मातीत दोन वर्षांची मुदत आहे. झाशीची माती उन्हाळ्यात तापते खरी, पण तेव्हा ती कोरडीही असते आणि ओलीवाचून जिवाणूंचे काम थंडावते. शिवाय तेथील तांबडी, खडेमिश्रित 'राकड' जमीन पाणी धरीत नाही, तर काळी 'मार' जमीन धरते. तोच कागद या दोन्ही जमिनींत एकाच वेगाने कुजेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

भारतात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट आहे. मात्र त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते पाहणे हे गिऱ्हाइकाचे पहिले काम. त्यापुढे त्याने तीन प्रश्न विचारावेत: हे कोठे कुजते, किती दिवसांत कुजते आणि मागे काय उरते? उत्तर 'खताच्या कारखान्यात' असे असेल आणि गावात तसा कारखाना नसेल, तर ती पिशवी त्या गावापुरती जुन्या पिशवीसारखीच समजावी.

शेतकऱ्यालाही हाच विवेक लागू आहे. जेथे पेंढ्याचे आच्छादन पुरते, तेथे प्लास्टिकचा कागद आणू नये. तो अपरिहार्यच असेल, तर अखंड गुंडाळून काढता येईल इतका जाड घ्यावा, किंवा मातीतच कुजण्याच्या कसोटीला उतरलेला घ्यावा. आणि असा कागदही आधी एका वाफ्यावर वापरून, पुढच्या पावसाळ्यानंतर तेथली माती उकरून पाहावी. पळसाच्या पत्रावळीची ही परीक्षा कैक पिढ्यांनी उकिरड्यावर आपसूक घेतली. नव्या पदार्थाची मात्र ती जाणून-बुजून घ्यावी लागेल.