दूरच्या बाजारातले उधाण आणि घरचा काजू



अमेरिकेतली पेढी बुडाली तर मालवण-वेंगुर्ल्याच्या काजू बागायतदाराने काळजी का करावी, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे.

बाजारांचे हे नाते जुने आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाचा भाव चढला आणि मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापूस उतरला, शेअर कोसळले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही मोडीत निघाली.

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स बुडाली. परदेशी गुंतवणूकदारांनी इथले शेअर विकून डॉलर परत नेले. जानेवारीत २१,००० वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला. वर्षारंभी ४० रुपयांच्या आत असलेला डॉलर ५० च्या घरात गेला.

आता काजूचे पाहा. कारखानदार आफ्रिकेतूनही बी आणतात व डॉलरमध्ये पैसे मोजतात. डॉलर चढला की ती बी महाग पडते आणि आपल्या बीला मागणी येऊ शकते. पण त्याच वेळी परदेशातले गिऱ्हाईक हात आखडते आणि गराचा उठाव कमी होतो. म्हणून दर कुठे वळेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

दर्याला उधाण आले की ते एका दिवसात ओसरत नाही. बाजाराचेही तसेच. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये हे गणिताने मांडले. रोज वेगवेगळे हलणारे आकडे दीर्घकाळात एकमेकांना बांधलेले असू शकतात, हे क्लाइव्ह ग्रेंजर यांनी दाखवले. दोघांना २००३ चे नोबेल मिळाले.

मुंबईचा मुलगा म्हणेल, थोडे पैसे इथे, थोडे परदेशी फंडात ठेवू, म्हणजे धोका वाटला जाईल. शांत दिवसांत ते बरेचसे खरे. पण मोठ्या वादळात दोन्हीकडचे भाव एकदम खाली येतात.

तेव्हा खत, मजुरी आणि मुलांच्या फीचे वर्षभराचे पैसे शेअरांत घालू नका. बी कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, पोती कोरड्या जागी फळ्यांवर ठेवा आणि माल टप्प्याटप्प्याने विका. चढत्या दराच्या भरवशावर कर्ज काढू नका. हंगामापूर्वी घरातल्या सर्वांनी, स्त्रियांसह, एकत्र बसून हा हिशेब वहीत मांडावा.