तंजावरच्या बृहदीश्वराची सावली पडते

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथले मार्गदर्शक छातीठोकपणे सांगतात. समाजमाध्यमांवरून ते घरोघर पोचतं.

सावली पडते. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे मनोरा, सुमारे ६० मीटर उंच, पाया त्याच्या निम्मा रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं. त्यामुळे सूर्य माथ्यावर असताना शिखराची सावली पायथ्यातच सामावते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा ऐन दुपारीही सावली उत्तरेकडच्या आवारात पसरते. सकाळ-संध्याकाळी तर ती बाराही महिने दिसते.

कळसाखाली ८० टनांचा अखंड दगड आहे, तो काही किलोमीटर लांबीच्या उतरणीवरून वर ओढला, हीसुद्धा अशीच कहाणी. ते घुमटाकार शिखर अनेक घडीव दगड सांधून केलेलं आहे. या अखंड दगडाच्या कौतुकात कारागिरांचं खरं कसब झाकून जातं, याची खंत वाटते. एवढं विमान आतून पोकळ आहे! गाभाऱ्याभोवती दोन जाड भिंती, त्यांच्यामध्ये प्रदक्षिणामार्ग. वर या भिंती एक होतात आणि पुढचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत माथा मिटत नेला आहे. तोही ग्रॅनाइटमध्ये, आणि कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात, जिथे हा दगड बाहेरून वाहून आणावा लागला.

मंडपातला प्रचंड नंदीही हे मंदिर बांधणाऱ्या राजराज चोळाच्या काळातला नाही. तो नंतरचा, नायक राजांच्या काळातला.

‘हे कोणी, कसं बांधलं याची नोंदच नाही’ हा समज तर भिंतींवरच खोटा ठरतो. राजराजाने स्वतःची, बहीण कुंदवैची, राण्यांची आणि इतरांची दानं दगडात कोरायला लावली. मुख्य स्थपती कुंजरमल्लन् राजराज पेरुंतच्चन याचंही नाव तिथे आहे. सोन्याने मढवलेला तांब्याचा कलश राजाने राज्यारोहणाच्या २५व्या वर्षाच्या २७५व्या दिवशी, म्हणजे इ.स. १०१०मध्ये दिला. सेवेतल्या ४०० नर्तकींची नावं, प्रत्येकीचं घर कोणत्या रांगेत आणि तिला वर्षाला किती भात मिळायचं, हेसुद्धा लिहिलं आहे. राजासोबत या स्त्रियांनाही जागा मिळावी, हे फार मोलाचं.

आणि हा सगळा वारसा फक्त तमिळ आहे असं मराठी वाचकाने समजू नये. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या भिंतींवर कोरवून घेतला, तो मराठीत.