सुईपासून यंत्रापर्यंत: अल्झायमरच्या रक्तचाचणीचा मागोवा

अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूतले बदल सहकाऱ्यांपुढे मांडले, ते तिच्या मृत्यूनंतर. पुढेही कित्येक दशकं खात्रीचं निदान शवविच्छेदनातच होई. 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळं काढलं. कालांतराने पाठीतलं पाणी तपासून आणि पेट स्कॅन करून जिवंतपणी निदान होऊ लागलं. पण एक चाचणी त्रासाची, दुसरी महागडी.

रक्तातून हेच कळावं, यासाठीचे प्रयत्न मात्र बरीच वर्षं अडखळले. यंत्रं पुरेशी सूक्ष्म नव्हती. शिवाय नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच बिघडत होता. मेंदूत अमायलॉइड साठलेल्या आणि न साठलेल्या माणसांच्या रक्तातल्या अमायलॉइडच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तरात फरक असतो तो जेमतेम 10 ते 20 टक्क्यांचा. नमुना हाताळण्यात थोडी ढिलाई झाली, तरी एवढा फरक पुसला जातो.

2022 मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने नमुना हाताळणीच्या परिणामांची पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली. ट्यूबचा प्रकार बदलला की सगळेच आकडे बदलले. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे पेशींपासून प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्रात, फिरवायला उशीर झाला की अमायलॉइड आणि एकूण टाऊ (अल्झायमरशी निगडित दुसरं प्रथिन) यांचं मोजमाप ढळलं. फॉस्फोरिलेटेड टाऊ 181 मात्र टिकून राहिलं.

मुंबईसाठी हे निष्कर्ष फार महत्त्वाचे आहेत. परळच्या के.ई.एम.सारख्या मोठ्या रुग्णालयात प्रयोगशाळा आवारातच असते. गिरगावच्या चाळीत किंवा लालबागच्या इमारतीत घरी येऊन घेतलेलं रक्त मात्र आइस बॉक्समधून कलेक्शन सेंटरवर आणि तिथून मुख्य लॅबमध्ये जातं. प्रयोगशाळा 'रूम टेंपरेचर' म्हणते तेव्हा तिच्या मनात 20 ते 25 अंश असतात. मे महिन्यात दादरला दुपारी पारा 33 च्या आसपास असतो.

अशा चाचणीची गरज तर मोठी आहे. 'लासी-डॅड' या पाहणीवर आधारलेल्या 2023 च्या अंदाजानुसार देशातल्या साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. ही पाहणी ज्या मूळ 'लासी' सर्वेक्षणातून निघाली, त्याची सूत्रं देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहेत.

16 मे 2025 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फुजिरेबिओ कंपनीच्या ल्युमिपल्स या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती 55 वर्षं आणि त्यापुढच्या, लक्षणं दिसणाऱ्या रुग्णांसाठी आहे. फॉस्फोरिलेटेड टाऊ 217 आणि अमायलॉइड बीटा 42 यांचं गुणोत्तर ती मोजते. त्यातलं टाऊ दणकट असलं, तरी अमायलॉइड नाजूकच आहे.

म्हणून अशी चाचणी करायची झाली, तर घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: ट्यूब कोणती, रक्त किती वेळात फिरवलं आणि प्लाझ्मा किती अंशांवर ठेवला. मूत्रपिंडाचा विकार असल्यास टाऊचा आकडा वाढतो, तेही डॉक्टरांना आधी सांगावं. आणि लॅबचालकांनी रक्त घेतल्याची व फिरवल्याची वेळ रिपोर्टवर न मागता छापावी.