निलगिरीचा ऱ्होडोडेंड्रॉन

ऱ्होडोडेंड्रॉन म्हटले की हिमालयच आठवतो. उत्तराखंडात तो बुरांस, तिथला राज्यवृक्ष. नेपाळात लाली गुरांस, राष्ट्रीय फूल. पण याच ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियमची एक उपजाती, निलगिरिकम, दोन हजार किलोमीटर दक्षिणेला निलगिरी, पळणी आणि अनैमलैच्या माथ्यांवर वाढते. मधल्या मुलखात, आपल्या सह्याद्रीतही, ती नाही. हिमयुगात हवा थंड असताना ही झाडे दक्षिणेपर्यंत पसरली, उष्णता वाढल्यावर उंच डोंगरांवरच उरली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटण्याजोगे वाटते. श्रीलंकेच्या डोंगरांतली झेलॅनिकम ही अशीच आणखी एक उपजाती.

उपजाती ओळखताना तांबड्या फुलांपेक्षा पानांची पाठ उपयोगी पडते. हिमालयातल्या मूळ उपजातीत ती बहुधा रुपेरी, निलगिरीत तपकिरी लवीची. श्रीलंकेतल्या पानांच्या कडा खाली वळलेल्या आणि पृष्ठभाग खडबडीत. शोला जंगलांच्या कडेला, गवताळ उतारांवर निलगिरिकम बहुतेकदा वाकडेतिकडे, बुटके झाड असते. फुलांतल्या मधासाठी पक्षी येतात आणि परागीभवन होते.

उटीला गेलात तर दोड्डबेट्टा शिखराच्या वाटेवर एखादे पान हलकेच उलटून पाहा. तोडू मात्र नका.