गृहपाठाचे मूल्य आणि घरातील विषमता

शिक्षक, वर्गखोल्या आणि तासिका यांची नोंद शैक्षणिक नियोजनात काटेकोरपणे होते. शाळा सुटल्यानंतर विद्यार्थी गृहपाठाला जो वेळ देतो, तो मात्र या हिशेबाबाहेर राहतो. वस्तुतः तोही शिक्षणातील गुंतवणुकीचाच भाग आहे. या गुंतवणुकीचे फळ विद्यार्थ्याच्या वयावर आणि त्याहूनही अधिक त्याच्या घरावर अवलंबून असते.

प्रथम वयाचा विचार करू. अमेरिकेतील १९८७ ते २००३ या काळातील संशोधनाचा हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आढावा घेतला. गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध सातवी ते बारावीत अधिक दृढ, तर त्याखालील वर्गांत क्षीण आढळला. अर्थात, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. भारतात प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच प्राथमिक स्तरावर, परिसराचा शोध घेण्यापुरता अपवाद वगळता, गृहपाठ देऊ नये अशी शिफारस केली होती. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला कमाल दोन तास, सहावी ते आठवीसाठी रोज एक तास आणि नववीपासून पुढे रोज दोन तास अशी मर्यादा सुचवली.

वेळेची मर्यादा सर्वांना सारखी असली, तरी घरे सारखी नसतात. सप्टेंबर २०२० मधील ‘असर’ पाहणीनुसार, आईवडील दोघेही जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेल्या घरांतील सुमारे ५५ टक्के मुलांना घरी अभ्यासात मदत मिळत होती. दोघेही नववी वा त्यापुढे शिकलेल्या घरांत हे प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. म्हणजेच वर्गात समान वाटणारा गृहपाठ घरी पोहोचताच असमान होतो. ज्या मुलीला संध्याकाळी पाणी भरावे लागते वा धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते, तिच्यासाठी त्या एका तासाची संधी-किंमतही अधिक असते.

या विषमतेवर सार्वजनिक उपाय शक्य आहे का? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक वाट दाखवली. ग्रामसभेच्या निर्णयानुसार सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावे असे ठरले. आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन समजूत घातली.

यातील अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. एकाच घराने दूरचित्रवाणी बंद केली, तर शेजारचा आवाज थांबत नाही आणि मुलाचे मनही तिकडेच ओढ घेते. सर्वांनी एकाच वेळी बंद केली, तर प्रत्येकाचा त्याग सुसह्य होतो. शांतता ही येथे सार्वजनिक वस्तू ठरते आणि ती अल्प खर्चात निर्माण होते.

तथापि, शांततेने अडलेले गणित सुटत नाही. त्यासाठी शाळेत वा ग्रामपंचायतीत सायंकाळची अभ्यासिका आणि मार्गदर्शक हवा, तसेच विद्यार्थ्याला विनामदत करता येईल असाच गृहपाठ हवा. अन्यथा ज्याच्या घरी शिक्षण आधीच पोहोचले आहे, त्यालाच गृहपाठ आणखी पुढे नेईल.